स्कोपमागे कोणता कॅमेरा? डिजिस्कोपिंगसाठी कॅमेरा निवडताना

जानेवारीतली सकाळ होती. डिकसळजवळ उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर मी स्कोप, म्हणजे लांबचे पक्षी बघायची ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण, लावून बसलो होतो. समोर शंभरेक मीटरवर काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यांचा थवा पोटापर्यंतच्या पाण्यात चोची खुपसत पुढे सरकत होता. त्यातल्या एकाच्या पायाला अभ्यासक ओळखीसाठी लावतात तशी रंगीत पट्टी दिसली, पट्टीवर अक्षरं होती. पक्ष्याने पाय पाण्याबाहेर काढला की अर्धा सेकंद अक्षरं दिसत आणि परत बुडत. डोळ्याने वाचून होईना म्हणून फोन आयपीसला, म्हणजे स्कोपच्या डोळा लावायच्या भिंगाला, टेकवला. पडद्यावर आधी नुसता काळोख, मग कोपऱ्यात वाटाण्याएवढं उजेडाचं वर्तुळ, ते मधोमध आणेपर्यंत फोन हलला. मागून एक नाव जवळ आली आणि थवा उडाला.

त्यानंतर मी या विषयाच्या, म्हणजे स्कोपमागे कॅमेरा लावून फोटो काढण्याच्या (डिजिस्कोपिंगच्या), मागे लागलो. वर्षभरात दोन कॅमेरे घेतले, त्यातला एक विकला. त्या खटाटोपातून कळलेली मुख्य गोष्ट अशी की स्कोपमागे लावायचा कॅमेरा निवडताना सुरुवात कॅमेऱ्यापासून करायची नाही, आयपीसपासून करायची. मेगापिक्सेल, ब्रँड, झूमचे आकडे हे सगळं नंतर.

आधी ठरवा, हे तुम्हाला हवंच आहे का

तुमच्याकडे स्कोप नसेल आणि फक्त फोटोसाठी स्कोप अधिक कॅमेरा घ्यायचा विचार असेल, तर थांबा. निकॉनचा पी९०० (२०१५) किंवा पी१००० (२०१८) यांसारखे सुपरझूम कॅमेरे अनुक्रमे २००० आणि ३००० मिमी फोकल लेंथपर्यंत पोहोचतात (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), हातात धरून चालतात आणि उडणारा पक्षीही बऱ्यापैकी पकडतात. डिजिस्कोपिंगने उडते पक्षी टिपणं फार कठीण असतं. झाडीत उड्या मारणारा वटवट्या किंवा सुभगही स्कोपमध्ये येईपर्यंत निघून जातो.

डिजिस्कोपिंग खरं कामाचं आहे ते ज्यांच्याकडे स्कोप आधीपासून आहे आणि जे पाणथळ जागी तासन् तास बसतात त्यांना. भिगवण, नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडी, शिवडी किंवा उरणची खाजणं अशा ठिकाणी पक्षी लांब असतात, पण एका जागी चरत असतात. तुतवार, चिखल्या, पाणटिवळे, सुरय ओळखताना चोचीची लांबी, पंखांवरची खवलं, पायांचा रंग बघावा लागतो, आणि तो पुरावा फोटोत हवा असतो. शिवाय पक्ष्याला न उठवता हे करता येतं. रोहित पक्ष्यांना उडवून फोटो काढण्यासाठी नाव थव्यात घालणं मी अनेकदा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी फार वाईट वाटतं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या किंवा पुढच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवणाऱ्या पक्ष्याचं खाणं आपण तोडत असतो.

पहिली पायरी: कागदावरचा ठिपका

एक पांढरा कागद, एक पट्टी आणि तुमचा स्कोप, एवढंच लागेल. स्कोप सगळ्यात कमी मॅग्निफिकेशनवर ठेवा, बहुतेक झूम आयपीसवर ते २० एक्स, म्हणजे २० पट, असतं. स्कोपचं तोंड उजळ आभाळाकडे करा. सूर्याच्या आसपासही नेऊ नका, डोळा आणि आयपीस दोन्ही जातील. आता आयपीसच्या मागे कागद धरा आणि हळूहळू मागे न्या. कागदावर उजेडाचा एक गोल ठिपका दिसेल. एका ठरावीक अंतरावर तो सगळ्यात लहान आणि कडेला सर्वात रेखीव होतो. तिथे थांबा.

त्या ठिपक्याचा व्यास मोजा. इंग्रजीत त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. स्कोपच्या पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन, एवढं सोपं गणित आहे. ६५ मिमीच्या स्कोपला २० एक्सवर ३.२५ मिमीचा ठिपका, ८० मिमीच्या स्कोपला ४ मिमीचा. ६० एक्सवर ६५ मिमीच्या स्कोपचा ठिपका जेमतेम १.१ मिमी उरतो. स्कोपमधला सगळा उजेड या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेतून बाहेर पडतो.

कागद आणि आयपीसची काच यांतलं अंतरही मोजा. ते आय रिलीफ. साधारण १५ ते २० मिमी भरेल. चष्मा लावणाऱ्यांसाठी बनवलेल्या आयपीसमध्ये ते जास्त असतं आणि डिजिस्कोपिंगला ते वरदान आहे.

कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये समोरून पाहिलं तर आत जे छिद्र दिसतं, तेच तिचं बुबुळ. ते बुबुळ बरोबर त्या ठिपक्यावर आलं पाहिजे. ठिपका आयपीसपासून १६ मिमीवर आणि लेन्सचं बुबुळ तिच्या पुढच्या काचेपासून ३० मिमी आत असेल, तर तुम्ही लेन्स आयपीसला चिकटवली तरी ते दोघं भेटणार नाहीत. म्हणून मोठाल्या झूम लेन्स, ज्यांची पुढची काच वाटीएवढी असते, स्कोपमागे निरुपयोगी ठरतात. लहान, चपटी, साधी लेन्स इथे महागड्या लेन्सला हरवते.

काळ्या कडा दोन जातींच्या असतात

दुकानात कॅमेरा टेकवला की काळं दिसणारच. ते कोणत्या कारणाने, हे ओळखता आलं तर अर्धं काम झालं.

पहिली जात: मधोमध स्वच्छ गोल चित्र आणि भोवती रेखीव काळी कड. याचा अर्थ कॅमेरा आयपीसपेक्षा रुंद बघतोय. फोनची मुख्य लेन्स फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात साधारण २४ ते २६ मिमीची असते. ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ८० अंशांच्या आसपास बघते. साधा झूम आयपीस मात्र २० एक्सवर जेमतेम ४० अंशांचं वर्तुळ दाखवतो, ६० एक्सवर ते ६० अंशांच्या आसपास जातं. उपाय म्हणजे कॅमेरा थोडा झूम करणं. ४० अंशांचं वर्तुळ पूर्ण चौकटभर यायला सुमारे ६० मिमी लागतात, ६० अंशांचं यायला ३८ ते ४० मिमी पुरतात.

दुसरी जात: एका बाजूने सरकणारी, धुरकट, काजूच्या आकाराची सावली. ही झूमने जात नाही. बुबुळ आणि ठिपका जुळलेले नाहीत, कॅमेरा वाकडा आहे किंवा पुढेमागे हवा आहे. आयकप, म्हणजे आयपीसभोवतीचं डोळा टेकवायचं कडं, खाली फिरवा, कॅमेरा मिलिमीटरभर मागेपुढे करा. कितीही सरकवलं तरी ती सावली जात नसेल, तर तो कॅमेरा तुमच्या स्कोपसाठी नाही.

माझा विकलेला कॅमेरा याच कारणाने गेला. ३० पट ऑप्टिकल झूम वाचून मी तो घेतला होता. चालू केला की नळकांडं चार बोटं बाहेर यायचं, बुबुळ आतच राहायचं आणि झूमच्या एकाही टप्प्यावर चौकट भरायची नाही. स्कोपमागच्या कॅमेऱ्याला तीन-चार पटींहून जास्त झूम असू नये, हे मी तेव्हा शिकलो.

निकॉन कूलपिक्स ९५० हा १९९९ मधला जेमतेम २ मेगापिक्सेलचा कॅमेरा. डिजिस्कोपिंगच्या सुरुवातीच्या काळात जगभरचे पक्षीनिरीक्षक त्याच्यावर आणि त्याच्या भावंडांवर, म्हणजे ९९०, ९९५ आणि २००२ च्या ४५०० वर, अक्षरशः जीव टाकायचे. मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पोह यांचं नाव या पद्धतीच्या प्रारंभाशी जोडलं जातं, तेही त्याच सुमाराचं. या कॅमेऱ्यांची लेन्स छोटी होती, झूम करताना बाहेर यायची नाही, आणि तिच्या तोंडाला २८ मिमीचे आटे होते, त्यामुळे अडॅप्टर थेट फिरवून बसवता यायचा. आजही कॅमेरा चाळताना मी हेच तीन गुण शोधतो.

दुसरी पायरी: कोणत्या गटातला कॅमेरा

फोन. सुरुवात इथूनच करा, तो खिशात आहेच. त्याची लेन्स इवलीशी, बुबुळ काचेच्या अगदी लगत, त्यामुळे जवळजवळ कुठल्याही आयपीसशी जुळतो. दोन पट झूमला फोन ५० मिमीच्या आसपास जातो आणि चौकट बरीचशी भरते. अडचणी वेगळ्याच. दोन-तीन लेन्स असलेला फोन स्वतःच्या मर्जीने लेन्स बदलतो. तुम्ही तीन पट दाबता, उजेड कमी वाटला की तो गुपचूप मुख्य लेन्स कापून दाखवतो किंवा आयपीससमोर नसलेली लेन्स सुरू करून पडदा काळा करतो. आयपीस इतका जवळ पाहून काही फोन मॅक्रोवरही, म्हणजे अगदी जवळच्या वस्तूंच्या मोडवरही, उडी मारतात. म्हणून फोन घेताना लेन्स पक्की करून ठेवता येते का, मॅक्रो बंद करता येतो का, शटरचा वेग हाताने ठरवता येतो का, हे बघा. कॅमेऱ्याच्या मूळ अ‍ॅपमध्ये नसेल तर दुसऱ्या अ‍ॅपमधून करता येतं.

एक इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा. माझ्या मते किंमत, वजन आणि दर्जा यांचा मेळ इथे सगळ्यात चांगला बसतो. सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमीचा, म्हणजे बहुतेक फोनपेक्षा बराच मोठा, आणि लेन्स तरीही लहान. सोनीचा पहिला आरएक्स१०० (२०१२, २८ ते १०० मिमी) या कामी बऱ्याच जणांनी वापरलाय. ७० मिमीच्या आसपास नेला की काळ्या कडा जातात. त्याच मालिकेतला सहावा कॅमेरा २४ ते २०० मिमीचा आहे, नाव तेच पण या कामाला अडचणीचा. निकॉन १ मालिकाही इथे फार कौतुकाची, सोबत १८.५ मिमीची लेन्स लावली की फुल फ्रेमच्या हिशोबात ५० मिमी होतात आणि नळकांडं बाहेर येत नाही. ती मालिका २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुनाच मिळेल. जुना घेताना बॅटरी फुगलेली नाही ना, तेवढं पाहा.

मायक्रो फोर थर्ड्सचा मिररलेस, म्हणजे एक इंचीहून मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा. पॅनासॉनिकची २० मिमी एफ/१.७ ही चपटी लेन्स म्हणजे ४० मिमीचा हिशोब. रुंद दाखवणाऱ्या ठरावीक ३० एक्स आयपीसशी ती छान जुळते. झूम आयपीसवर कोपरे काळे राहतात, ते नंतर कापावे लागतात. फोकस पडद्यावर मोठा करून बघता येतो, हा फार मोठा फायदा.

डीएसएलआर घरात असेल आणि ५० मिमीची साधी लेन्स असेल तर करून बघा. त्यासाठी नवा घेऊ नका. आरसा आपटतो तेव्हा हजार मिमीच्या पुढे तो धक्का फोटोत दिसतो, आणि वजनाने स्कोप मागे कलतो.

तिसरी पायरी: उजेडाचं गणित मांडा

पोच काढणं सोपं: स्कोपचं मॅग्निफिकेशन गुणिले कॅमेऱ्याचे फुल फ्रेमच्या हिशोबातले मिमी. २० एक्स आणि ६० मिमी म्हणजे १२०० मिमी. बहुतेकांना एवढं पुरतं.

दुसरा हिशोब मात्र कुणी करत नाही आणि तिथेच फोटो बिघडतात. लेन्सची खरी फोकल लेंथ भागिले ठिपक्याचा व्यास, म्हणजे तुमचा प्रत्यक्षातला एफ आकडा (तो जितका मोठा तितका उजेड कमी). लेन्सवर काहीही लिहिलेलं असो. एक इंची कॅमेरा ७० मिमीवर असताना त्याची खरी फोकल लेंथ सुमारे २६ मिमी असते. ६५ मिमीचा स्कोप २० एक्सवर असेल तर २६ भागिले ३.२५, म्हणजे एफ/८. ठीक आहे. तोच स्कोप ६० एक्सवर नेला तर एफ/२४. उजेड नऊपट कमी झाला! जिथे १/५०० सेकंद मिळत होता तिथे १/६० सुद्धा मिळणार नाही, आणि एवढ्या लहान छिद्रातून येताना प्रकाश पसरतो, त्यामुळे बारीक पिसं आधीच मऊ पडतात. म्हणून स्कोप २० ते ३० एक्सवरच ठेवा, बाकीचं कॅमेऱ्याच्या झूमवर आणि नंतर फोटो कापण्यावर सोडा.

कॅमेऱ्याचं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं लहानमोठं करता येणारं छिद्र, पूर्ण उघडं ठेवा. ते बारीक केल्याने फोटो तीक्ष्ण होत नाही, ठिपक्यापेक्षा लहान झालं की उजेड तेवढा अडतो.

चौथी पायरी: स्कोप घेऊन दुकानात जा

संकोच करू नका. स्कोप आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून जा, शक्यतो सकाळी, गर्दी नसताना. दुकानदाराला काय करणार ते आधी सांगा, बहुतेक जण कुतूहलाने मदतच करतात.

स्कोप दाराशी लावा, २० एक्सवर ठेवा आणि रस्त्यापलीकडच्या एखाद्या लांबच्या पाटीवर फोकस करा. बारीक अक्षरांची पाटी उत्तम, खाली फोन नंबर लिहिलेला असतो तशी. आयकप खाली फिरवा. कॅमेरा सगळ्यात रुंद कोनावर ठेवून दोन्ही हातांनी आयपीससमोर धरा, काचेला काच लागू देऊ नका. वर्तुळ मधोमध आणा. मग सावकाश झूम करा आणि काळी कड नेमकी किती मिमीवर जाते ते वहीत लिहा. झूम करताना नळकांडं पुढे येऊन आयपीसवर आपटत नाही ना, तेही पाहा. नंतर दोन सेकंदांचा टायमर लावून पाच फोटो काढा आणि पडद्यावर मोठे करा. मधली अक्षरं वाचता येतात का? कोपऱ्यातली? पाचपैकी किती फोटो साफ आले?

तेवढ्यातच बाकीच्या सोयी बघून घ्या: शटर हाताने ठरवण्याची सोय, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो), आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, वर वळणारा पडदा (तिरप्या आयपीसवर वरून बघावं लागतं), आणि रिमोट किंवा फोनवरून शटर दाबता येणं. फोनच्या बाबतीत तारेच्या इअरफोनवरचं आवाज वाढवायचं बटण अनेकदा शटरचं काम करतं. मेगापिक्सेलचं म्हणाल तर १२ पुरेसे, त्यापुढे स्कोपची काच आणि हवा यांचीच मर्यादा आड येते.

पाचवी पायरी: जोडणी

हातात धरून पहिला दिवस जाईल, दुसऱ्या दिवशी अडॅप्टर हवासा वाटेल. स्कोपच्या कंपनीचा अडॅप्टर चांगला असतो पण महाग. सगळ्या फोनना चालतो म्हणून विकला जाणारा स्प्रिंगचा चिमटा घेतलात तर प्रत्येक वेळी नव्याने जुळवावं लागतं.

मी नळाच्या सामानाच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचा कपलर आणला. आयपीसच्या बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून नेला होता, त्याहून दोन-तीन मिमी मोठा निवडला. आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, त्यामुळे तो आयपीसवर घट्ट बसतो आणि ओरखडे येत नाहीत. दुसऱ्या तोंडाला फोनचं एक जुनं कडक कव्हर, लेन्सचं भोक बरोबर मधोमध धरून, एपॉक्सीने जोडलं. लांबी घासून कमी करत गेलो, काजूची सावली नाहीशी झाली तिथे थांबलो. कागदावर मोजलेलं अंतर इथे कामी येतं. आतली बाजू काळ्या रंगाने रंगवा, नाहीतर पांढऱ्या पीव्हीसीवरून उजेड परततो आणि चित्र फिकं पडतं.

कॅमेऱ्याचं वजन मागे आलं की स्कोपचा तोल जातो. ट्रायपॉडवरची पट्टी पुढे-मागे सरकणारी असेल तर सोडून दिल्यावर स्कोप जिथल्या तिथे राहील इतकी सरकवून घ्या.

काठावर गेल्यावर

फोकस कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून स्कोपच्या चाकानेच करा. आधी डोळ्याने करून मग कॅमेरा लावला तर थोडी चूक राहते, कारण डोळा स्वतःहून जुळवून घेतो आणि आपल्याला कळत नाही. पक्ष्याच्या डोळ्यावर किंवा चोचीच्या बुडाशी बघा. चमचा, बगळे, रोहित असे पांढरट पक्षी असतील तर एक्सपोजर पाऊण ते एक टप्पा खाली आणा, नाहीतर पिसांचा नुसता चुना होतो. शांत उभ्या पक्ष्याला १/२५०, चरणाऱ्याला १/५०० किंवा अधिक.

हवेकडे लक्ष ठेवा. हिवाळ्यातही दहा-साडेदहानंतर चिखलावरची हवा तापून थरथरायला लागते. मग कुठलाही कॅमेरा लावा, पाणटिवळ्याची चोच वाकडीच येणार. तेव्हा फोटो थांबवून नुसतं बघावं, किंवा जवळचा पक्षी शोधावा.

आणि पायातली पट्टी वाचायची असेल तर फोटो काढत बसू नका, व्हिडिओ घ्या. फोर-के व्हिडिओची प्रत्येक चौकट ८ मेगापिक्सेलची असते आणि सेकंदाला किमान २४ चौकटी मिळतात. पाय अर्धा सेकंद पाण्याबाहेर आला तरी त्यातल्या एखाद्या चौकटीत अक्षरं सापडतात. घरी येऊन एकेक चौकट पुढे सरकवत वाचा. पट्टी उजव्या पायात की डाव्या, गुडघ्याच्या वर की खाली, एकावर एक दोन असतील तर वरचा रंग कोणता, अक्षरं आणि आकडे, जागा, तारीख, वेळ, थव्यात किती पक्षी होते, एवढं लिहून मूळ व्हिडिओसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. फोटो कापून किंवा उजळून पाठवलात तरी मूळ फाइल पुसू नका. पट्टी उन्हाने विटलेली असते, आणि बीचा आठ वाटला की आठचा बी, हे ठरवायला त्यांना शेजारच्या चौकटी लागतात.